गादीवरचं पोर आणि राजवाड्यातल्या बाया
(सामुदायिक रेडिओवरून सांगितलेली गोष्ट, वाचणाऱ्यांसाठी)



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली लेकरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळ्याला निघतात. त्याच दिवशी तिकडे नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. पिवळी मारबत असते, काळी मारबत असते. पिवळीला लोक हात जोडतात. काळीच्या नावानं मात्र शिव्याशाप देतात आणि शेवटी तिला जाळून टाकतात. ही काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या राजवाड्यातली बाकाबाई, असं सांगतात. ती इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा धिक्कार.

आज आम्ही तुम्हाला या बाकाबाईच्या मांडीवर वाढलेल्या एका पोराची गोष्ट सांगणार आहोत. तो राजा कसा झाला, त्याच्या नावानं कारभार कुणी केला आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोचं दत्तक कसं नाकारलं गेलं, हे ऐका. राजाराणीची म्हणून ही गोष्ट लांबची वाटेल. पण गादीच्या जागी शेत ठेवा आणि राणीच्या जागी गावातली विधवा बाई ठेवा, म्हणजे ती आपल्याच गल्लीतली होते.

आधी थोडा मागचा धागा सांगतो. आपला भंडारा, पवनी, साकोली, तुमसर, पलीकडचा गोंदिया, हा सगळा वैनगंगेचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८१६ च्या मार्च महिन्यात दुसरे रघुजी भोसले वारले. त्यांचा मुलगा परसोजी गादीवर आला. पण परसोजी शरीरानं आणि मनानं अधू होता. त्याला स्वतःचं सांभाळणंच कठीण, राज्य काय सांभाळणार? मग प्रश्न आला, त्याच्या नावानं कारभार कोण करणार? एका बाजूला बाकाबाई, म्हणजे रघुजींची राणी. दुसऱ्या बाजूला आप्पासाहेब, म्हणजे परसोजीचा चुलतभाऊ. राजवाड्यात ओढाताण झाली आणि आप्पासाहेब वरचढ ठरले. आपली बाजू भक्कम करायला त्यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज राज्यात ठेवून घेतली. त्या फौजेचा खर्च राज्याच्या माथी बसला.

पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी १८१७ ला, परसोजी आपल्या बिछान्यात मेलेला सापडला. पुढे इंग्रजांनी चौकशी केली तेव्हा हा खून आप्पासाहेबांनी करवला, असा ठपका ठेवला गेला. आप्पासाहेब राजा झाले. पण वर्ष उलटायच्या आत त्यांचं इंग्रजांशी बिनसलं. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, डिसेंबरात नागपूरची लढाई झाली, आणि भोसल्यांची फौज हरली. १८१८ साली आप्पासाहेबांना कैद करून प्रयागकडे नेत असताना ते जबलपूरजवळ पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात शिरले, आणि शेवटी दूर जोधपूरला १८४० मध्ये वारले. त्यांच्या बाजूनं आपल्या भागातही लोक उठले होते. आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या कामठ्याचा चिमणा पाटील त्यातलाच एक.

आता गादी रिकामी झाली. इंग्रजांच्या मनात आलं असतं तर तेव्हाच त्यांनी राज्य गिळलं असतं. पण त्यांना तेव्हा ते सोयीचं नव्हतं. त्यांना नावाला एक राजा हवा होता. तो लहान असला तर आणखीच बरं.

शोध घेतला तेव्हा नजर गेली बाजीबावर. बाजीबा म्हणजे दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातला. वय असेल दहाच्या आतबाहेर. मेलेल्या परसोजीची विधवा दुर्गाबाई हिनं त्याला मांडीवर घेतलं, म्हणजे दत्तक घेतलं. त्याचं बाजीबा हे नाव गेलं आणि आजोबांचं रघुजी हे नाव त्याला मिळालं. २६ जून १८१८ ला तो नागपूरच्या गादीवर बसला. इतिहासात त्याला तिसरे रघुजी म्हणतात.

इथं थोडं थांबा आणि तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. पुढे त्या लागणार आहेत. पहिली, हे दत्तक नवरा मेल्यावर त्याच्या विधवेनं घेतलं होतं. दुसरी, मुलगा मुलीच्या वंशातला होता, मुलाच्या नव्हे. तिसरी, हे सगळं इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या डोळ्यांसमोर आणि त्याच्या संमतीनं झालं. कुणीही म्हटलं नाही की विधवेला दत्तक घेता येत नाही. कुणीही म्हटलं नाही की मुलीचं पोर चालत नाही. आपल्या मराठी मुलखाची रीतही तीच होती. नवऱ्यानं स्पष्ट सांगून ठेवलेलं नसलं तरी विधवा बाईला घराण्याचं नाव चालवायला दत्तक घेता येत असे.

आता या पोराचं पुढे काय झालं ते ऐका. राजा म्हणून त्याच्यासमोर मुजरे झडत. पण कामं वाटलेली होती. राजवाडा आणि पोराची देखरेख बाकाबाईकडे. राज्याचा सगळा कारभार जेंकिन्सकडे. जेंकिन्सनं परगण्यापरगण्यांत इंग्रज अधिकारी नेमले. सारा किती, वसुली कशी, पाटलाचा हक्क काय, हे सगळं त्याच्या कचेरीत ठरू लागलं. १८२७ साली त्यानं या राज्याबद्दलचा आपला मोठा अहवालही लिहून काढला. शिक्का राजाचा, हुकूम रेसिडेंटचा.

आपल्या भंडाऱ्याचं जिल्ह्याचं ठाणं त्याच काळातलं आहे. त्याआधी या भागाचा कारभार लांजीहून चालत असे. ही लांजी आज मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे. १८२०-२१ साली ते ठाणं भंडाऱ्याला आलं. म्हणजे आपण आज ज्या गावी कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन जातो, ते जिल्ह्याचं गाव झालं तेव्हा गादीवर बारा-तेरा वर्षांचं एक पोर बसलेलं होतं, आणि या निर्णयाबद्दल त्याला कुणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

१८२६ च्या डिसेंबरात नवा तह झाला. तरण्या रघुजीच्या हाती कारभार द्यायला सुरुवात झाली, पण तीही हप्त्याहप्त्यानं. सगळा मुलूख त्याच्या हाती यायला १८३० साल उजाडलं. आणि मग तेच इंग्रज लिहू लागले की राजा आळशी आहे, त्याला कारभाराची आवड नाही, पिणं आणि खेळ यांतच त्याचा जीव रमतो. असेलही तसं. पण आम्हाला विचारावंसं वाटतं, ज्या पोराला दहाव्या वर्षापासून बारा वर्षं फक्त बसायला शिकवलं, त्याला उभं राहायला कुणी शिकवलं होतं? आपल्या घरातलं पोरगंसुद्धा, सगळं आयतं हातात दिलं आणि कशातच विचारलं नाही, तर मोठेपणी काय करेल?

अशी पोरं फक्त आपल्याकडेच झाली असं नाही. जगात जिथं जिथं गादी होती तिथं तिथं ती झाली. आज ज्याला इस्तंबूल म्हणतात त्या शहराचं जुनं नाव कॉन्स्टँटिनोपल. तिथं सातशे-आठशे वर्षं नव्हे, त्याहूनही मागे, अकराव्या शतकात कॉन्स्टंटाईन दुकास नावाचा एक राजपुत्र होता. बाप सम्राट, आई मारिया. पोर पाळण्यात असतानाच बापानं इटलीतल्या एका बलाढ्य सरदाराच्या मुलीशी त्याची सोयरीक ठरवली, कारण त्या सरदाराची भीती होती. ती मुलगीही लहान. तिला तिच्या घरून आणलं, नाव बदललं आणि राजवाड्यात ठेवलं. १०७८ मध्ये बापाची गादी गेली आणि ती सोयरीकही मोडली. १०८१ मध्ये अलेक्सियोस नावाचा नवा सम्राट आला. त्याला जुन्या घराण्याची माणसं आपल्या बाजूला हवी होती, म्हणून त्यानं या सात वर्षांच्या मुलाला बरोबरीचा सम्राट केलं. दोन वर्षांनी सम्राटाला मुलगी झाली, ॲना. तिची सोयरीक या मुलाशी ठरली. सगळं जमलं असं वाटत असतानाच १०८७ मध्ये सम्राटाला स्वतःचा मुलगा झाला. मग या पोराची गरज सरली. त्याचा मान काढून घेतला, आणि तो विशीतच मेला. पुढे ॲनानं आपल्या बापाच्या राज्याचा इतिहास लिहिला, त्यात या मुलाबद्दल तिनं मायेनं लिहिलं आहे.

देश वेगळा, धर्म वेगळा, शतक वेगळं. पण रीत एकच. पोराला वारस म्हणायचं ते त्याच्या भल्यासाठी नाही, मोठ्यांच्या सोयीसाठी. सोय संपली की वारसपण संपलं.

आता परत नागपूरला येऊ. तिसऱ्या रघुजींना जगेल असा मुलगा झाला नाही. दत्तकाचा विषय निघाला की ते टाळत. आपल्यालाही अजून मूल होईल अशी आशा असावी. ११ डिसेंबर १८५३ ला ते वारले. मागे राण्या होत्या, त्यात थोरली अन्नपूर्णाबाई. आणि राजवाड्यात अजूनही बसलेली होती म्हातारी बाकाबाई. तिनं नवरा पाहिला, परसोजी पाहिला, आप्पासाहेब पाहिला, नातू पाहिला. सगळे गेले, ती उरली.

अन्नपूर्णाबाईनं दत्तक घेतलं ते यशवंतराव अहिरराव या तरुण पोराला. तो राजाच्या नात्यातला होता. राजाची क्रियाही त्याच्याच हातून झाली होती. त्याचंही नाव बदललं आणि भोसल्यांच्या जुन्या पुरुषाचं जानोजी हे नाव त्याला मिळालं.

आता त्या तीन गोष्टी आठवा. विधवेनं घेतलेलं दत्तक, राजाच्या नात्यातलं पोर, आणि हजर असलेला इंग्रज रेसिडेंट. पस्तीस वर्षांपूर्वी याच राजवाड्यात असंच झालं होतं आणि चाललं होतं. यावेळी मात्र चाललं नाही.

कलकत्त्याला गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी बसला होता. त्यानं जानेवारी १८५४ मध्ये लांबलचक टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं : राजानं स्वतः दत्तक घेतलं नाही, विधवेचं दत्तक आम्हाला बांधत नाही, आणि १८१८ मध्ये हे राज्य आम्ही जिंकून परत दिलं होतं, तेव्हा वारस नसेल तर ते आमच्याकडे परत येतं. त्याच टिपणात त्यानं या मुलखाच्या कापसाचाही हिशेब मांडला होता. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल यानं वेगळं मत दिलं. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो यानंही विरोध केला. पण मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. आपला वैनगंगेचा सगळा मुलूख त्या दिवशी कंपनीचा झाला.

कुणी म्हणेल, राजानं जिवंतपणी दत्तक घेतलं असतं तर वाचलं असतं. मग झाशीकडे पाहा. गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ ला, पाच वर्षांच्या आनंदरावला दत्तक घेतलं, त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. इंग्रज अधिकारी समोर होता. सगळं रीतसर झालं. आपला राजा गेला त्याच्या अवघ्या तीन आठवडे आधीची ही गोष्ट. तिथंही नकारच मिळाला. राणी लक्ष्मीबाई त्या पोरासाठी लढली हे आपल्या शाळेतल्या मुलींनाही माहीत आहे. त्याआधी साताऱ्याचंही असंच झालं होतं, १८४८ मध्ये. म्हणजे बाईनं घेतलं तर बाईनं घेतलं म्हणून नाही, आणि पुरुषानं घेतलं तरीही नाही. नियम नव्हताच. ज्याच्या हातात बळ, त्याची सोय हाच नियम.

मग राजवाड्याचं काय झालं? हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले आणि मातीमोलानं गेले. दागिने कलकत्त्याला नेऊन विकले. राजवाड्यातलं सामान हलवू लागले तेव्हा अन्नपूर्णाबाईनं निरोप धाडला की सामान हलवाल तर मी राजवाड्याला आग लावीन. विचार करा, जिच्या दारात कालपर्यंत चौघडा वाजत होता, तिला आपल्या घरातल्या वस्तूंसाठी असं बोलावं लागलं. नवरा गेल्यावर दीर-जावा येऊन कपाट उघडतात, भांडी मोजतात, ते ज्या बाईनं पाहिलं आहे तिला हे वेगळं सांगायला नको.

राण्यांनी अर्ज केले. कलकत्त्यालाही केले, लंडनलाही दाद मागितली. उपयोग झाला नाही. नागपुरात काम केलेल्या इव्हान्स बेल या इंग्रज अधिकाऱ्यानं पुढे या घराण्याची बाजू पुस्तकातून मांडली. १८५७ चा उठाव झाला तेव्हा बाकाबाईनं इंग्रजांविरुद्ध उठायला नकार दिला, आपल्या माणसांनाही दटावून गप्प बसवलं. पुढच्याच वर्षी ती वारली. उठावानंतर इंग्रजांना उमगलं की दत्तक नाकारून आपण लोकांचं मन फार दुखावलं. लॉर्ड कॅनिंगच्या काळात जानोजींचं दत्तक मान्य झालं. राज्य नाही मिळालं. मिळाली ती सातारा जिल्ह्यातल्या देऊर गावाची जहागीर आणि ‘राजे बहादूर देऊर’ हा किताब. पुढे १८६२ मध्ये इतर संस्थानिकांनाही दत्तकाच्या सनदा दिल्या. जे आधी अशक्य म्हणत होते, ते पाच-सात वर्षांत शक्य झालं.

आता बाकाबाईबद्दल. तिनं इंग्रजांची साथ धरली हे खरं आहे, ते झाकायचं कारण नाही. ज्यांनी १८५७ मध्ये जीव दिला त्यांच्या घरच्यांना तिचा राग येणं साहजिक आहे. पण एक गोष्ट आम्हाला खुपते. इंग्रजांची फौज राज्यात ठेवून घेण्याचा तह केला आप्पासाहेबांनी. राज्य चालवलं जेंकिन्सनं. राज्य गिळलं डलहौसीनं. वर्षानुवर्षं धिंड मात्र निघते ती बाईच्या पुतळ्याची. घर बुडालं की दोष सुनेचा किंवा सासूचा, ही आपली जुनी सवय आहे. बाकाबाईला देवी करू नका, पण तिच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे तरी विचारा. तिच्या हातात एक पोर होतं. फौज नव्हती, खजिना नव्हता, कागदावर तिचा हक्क नव्हता.

कागदावर हक्क नव्हता, हेच सगळ्यात मोठं. आणि म्हणूनच ही गोष्ट आम्ही निवडली. कारण आज तो हक्क कागदावर आहे, पण आपल्यापैकी अनेकींना तो माहीत नाही.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ सालचा आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, सगळ्यांना तो लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र तो आपोआप लागू होत नाही, त्यांच्याकडे त्यांची रूढी चालते. या कायद्यानं विधवा बाईला स्वतःच्या नावानं मूल दत्तक घेता येतं. सासऱ्याची, दिराची, भावकीची परवानगी लागत नाही. मुलगाच हवा असंही नाही, मुलगीसुद्धा घेता येते. मुलगा असताना दुसरा मुलगा आणि मुलगी असताना दुसरी मुलगी मात्र या कायद्यानं घेता येत नाही. मूल साधारण पंधरा वर्षांच्या आतलं आणि अविवाहित असावं लागतं. बाई मुलगा घेत असेल तर दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचं अंतर लागतं. मूल खरोखर देणं आणि घेणं झालं पाहिजे, नुसतं बोलून चालत नाही. आणि त्यासाठी पैसे देणं-घेणं गुन्हा आहे.

आता सगळ्यात कामाचं कलम ऐका. दत्तक घेतल्यामुळे बाईचा तिच्या स्वतःच्या मालमत्तेवरचा हक्क जात नाही. उलट काही कबूल केलं नसेल तर तिला आपलं शेत विकता येतं, मृत्युपत्र करता येतं. गावात नेमकं याच ठिकाणी फसवतात. पुतण्याला मांडीवर घे म्हणतात, आणि त्या कागदाबरोबर हळूच शेत लिहून देण्याचा कागदही सहीला ठेवतात. दत्तकपत्र वेगळं, बक्षीसपत्र वेगळं, हक्कसोड वेगळं. तीन कागदांची तीन नावं पाठ करून ठेवा. वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही.

दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचं नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, न्यायालय ते दत्तक खरं धरून चालतं. अन्नपूर्णाबाईकडे हीच गोष्ट नव्हती. तिच्या बाजूनं रीत होती, कायदा नव्हता. आणि एकदा रीतसर घेतलेलं दत्तक मोडता येत नाही, हेही लक्षात ठेवा. मन झालं म्हणून घेतलं आणि भांडण झालं म्हणून परत पाठवलं, असं लेकराचं करता येत नाही.

दत्तक न घेताही विधवा बाईचा वाटा आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, यांना सारखा हिस्सा मिळतो. मूल नाही म्हणून बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवायचं नाही, असं कुठंही लिहिलेलं नाही. फेरफार नोंदवायला तलाठ्याकडे वेळेवर अर्ज द्या आणि पोच मागून घ्या. वडिलांच्या वाटणीतही मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला. अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

एक शेवटचं, पोरांबद्दल. दवाखान्यातून किंवा कुणाच्या हातातून परस्पर बाळ घेणं हा गुन्हा आहे. अनाथ किंवा सोडून दिलेलं बाळ दिसलं तर १०९८ या नंबरवर फोन करा. आणि नात्यातलं मूल रीतसर घेत असाल तर त्या मुलालाही विचारा. कायदा विचारायला सांगो न सांगो, तुम्ही विचारा. बाजीबाला कुणी विचारलं नाही. त्याचं नाव बदललं, घर बदललं, आई बदलली, आणि पस्तीस वर्षं तो दुसऱ्यांच्या सोयीचा राजा राहिला. आपल्याला शेतीला वारस हवा असतो, अंत्यविधीला हात हवा असतो, म्हातारपणी पाणी द्यायला कुणी हवं असतं. त्यात काही चूक नाही. पण मूल आपल्या गरजेसाठी येत असलं तरी ते स्वतःचं आयुष्य घेऊन येतं. ज्याला मांडीवर घेतलं, त्याला पायावर उभंही करायचं असतं.

पुढच्या गटाच्या बैठकीत या तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात किती विधवा बायांची नावं सातबाऱ्यावर आहेत? आपल्या गटात कुणी दत्तक घेतलं असेल तर कागद नोंदवला आहे का? आणि घरातल्या भांडणात दोष बाईवर येतो, तेव्हा खरा कारभार कुणाच्या हातात असतो? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. लागू द्या. सासवा आणि सुना दोघींना बोलू द्या.

तुमची उत्तरं लिहून पाठवा, किंवा रेडिओवर येऊन तुमच्याच आवाजात सांगा. आम्ही ऐकतो आहोत.